आमच्या बेडरूममधलं विमान

...आणि वर मलाच विचारायचे, "झोप झाली का गं नीट?" आता तुम्हीच सांगा, ज्या खोलीत रोज सकाळ उजाडायची तीच मुळी शत्रूची विमानं पाडून, त्या खोलीत कुणाची झोप नीट होईल? तुम्हाला सांगते, मी काही बोलणारी बाई नाही. शाळेत बाई हजेरी घ्यायच्या तेव्हा माझ्या नावाला दोनदा हाक मारायच्या, कारण माझं 'हजर' फक्त मलाच ऐकू यायचं. लग्न ठरलं तेव्हा माझी आई सासूबाईंना म्हणाली, "आमची चारुता अगदी गरीब आहे हो, तोंडातून शब्द काढत नाही," तर सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडेसुद्धा कुणी फारसं बोलत नाही." मला वाटलं, वा, काय जमलंय. तिथेच फसले मी. घरात एक तरी तोंडाळ माणूस असावं लागतं हो, नाहीतर काय होतं ते ऐका आता.

तर मी चिंचवडची, दिली पनवेलला. जुन्या पनवेलात, एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर, तिसऱ्या मजल्यावर घर. माणसं चार. सासरे दीनानाथ, त्यांना मी बाबा म्हणते, सासू आशालता, त्यांना आई, नवरा विश्वजीत आणि मी. आणि पाचवं ते. त्याच्याकडे येतेच मी, पण आधी घर समजून घ्या, घर समजल्याशिवाय ते कळायचं नाही.

आमच्या घरात काहीही टाकून देत नाहीत. का? तर 'चालू आहे ना अजून!' हॉलमध्ये भला थोरला पेटीसारखा टीव्ही आहे, आणि त्या टीव्हीच्या डोक्यावर नवीन चपटा टीव्ही ठेवलाय. बघतो आम्ही वरचा. मग खालचा कशाला? "अगं चालू आहे तो." लावता का कधी? "लावत नाही, पण चालू आहे." खिडकीशी फोन आहे, बोट घालून फिरवायचा, त्याच्यावर क्रोशाची टोपी. लाइन कधीच कापलेली. तरी आई दर गुरुवारी टोपी काढून फोन पुसतात, रिसीव्हर कानाला लावतात, आणि जागेवर ठेवतात. मी एकदा विचारलं, "येतं का काही ऐकू?" म्हणाल्या, "ऐकू काही येत नाही गं, पण डायल बघ कशी लोण्यासारखी फिरते."

बरं, ह्या सगळ्या चालू वस्तू आपापल्या चालत नाहीत. प्रत्येकीची एक युक्ती आहे. मिक्सर लावायचा तर झाकणावर तळहात, भांड्याला कोपर, आणि गुडघा ओट्याला टेकवायचा. का? गुडघा काढला की ओटा थरथरतो आणि त्याच्याबरोबर मिक्सर सिंककडे चालायला लागतो. पंख्याचा रेग्युलेटर चारवर ठेवला की पंखा बंद, आणि बंदवर ठेवला की वादळ. टेपरेकॉर्डरला वरून एक चापट. पहिल्या आठवड्यात मी मारली तर आई कळवळून म्हणाल्या, "अशी नाही गं, रागानं नाही मारायची. मायेनं." आता चापट मायेनं कशी मारतात? पण शिकले मी. मी काय बोलणार? मी नवीन. त्या घरात सगळं जुनं आणि सगळं चालू. नवीन फक्त मी, आणि माझंच तोंड बंद.

तर पाचवं. लग्न करून आले, माप ओलांडलं, उखाणा घेतला, तोसुद्धा पुटपुटलाच, आणि मग सगळी वरात मला आमची खोली दाखवायला घेऊन गेली. विश्वजीतनं दार उघडलं. आणि समोर पलंगाच्या पायथ्याशी, माझ्यापेक्षा उंच, लाकडाचं, काळं, झेंडूचा हार घातलेलं... कपाट? छे. देव्हारा? छे हो. व्हिडिओ गेमचं मशीन! ते असायचं बघा पूर्वी, उभं राहून खेळायचं, वर स्क्रीन, खाली दांडी आणि लाल-पिवळी बटणं, पोटात नाणं टाकायची खाच. बाबांचं पनवेलात व्हिडिओ गेमचं दुकान होतं म्हणे, स्टँडच्या मागच्या गल्लीत. सात-आठ मशीनं एका ओळीत. मग लोकांच्या घरात कम्प्युटर आले, हातात मोबाइल आले, दुकान मिटलं, बाकीची मशीनं गेली आणि हे एक उरलं. विमानाचा गेम. आपलं विमान खालून वर जातं, वरून शत्रूची येतात, आपण पाडायची. झालं. एवढाच गेम. पण ते माझ्या बेडरूममध्ये!

आता प्रसंग बघा. मी शालू सावरत उभी, दारात मागे सगळं खानदान, आणि सगळे मशीन नाही बघत, माझं तोंड बघताहेत. बाबा घसा खाकरून म्हणाले, "सूनबाई, हे जरा..." आणि मी काय करावं? चांगल्या घरची मुलगी, आईनं बजावून पाठवलेली, कुणी काही दाखवलं की आधी कौतुक करायचं. मी त्यांचं वाक्य पुरंसुद्धा होऊ दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा घाईघाईनं बोलले. म्हटलं, "अय्या, किती छान! असू दे ना बाबा, असू दे." सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आत्याबाई म्हणाल्या, "गुणाची आहे हो पोर." आणि मला वाटलं, जिंकलं आपण.

दुसऱ्या दिवशी सत्यनारायण. तीर्थप्रसाद चाललाय, आणि खाली टेम्पोचा हॉर्न. माझ्या आईबाबांनी चिंचवडहून कपाट पाठवलेलं. लोखंडी, दोन दारांचं, मोठं. लेकीला सासरी स्वतःची एक तरी जागा हवी, असं माझ्या वडिलांचं म्हणणं. चार माणसांनी ते वर चढवलं, पुठ्ठ्यात गुंडाळलेलं, वर प्लास्टिक, वर सुतळी. चढवलं आणि विचारलं, "कुठं ठेवायचं?" आणि घर एकदम गप्प. कारण ते कपाट मावेल अशी घरात एकच जागा, पलंगाच्या पायथ्याशी. आणि तिथे कोण? विमान! विश्वजीत माझ्याकडे बघतो, मी आईंकडे, आई बाबांकडे, बाबा सत्यनारायणाकडे. शेवटी बाबाच म्हणाले, "तूर्त बाहेर राहू दे, जिन्यापाशी." आणि कपाट जिन्यापाशी राहिलं. तूर्त.

ते तूर्त परवापरवापर्यंत चालू होतं हो! आमच्या घरात काय बंद पडतंय?

माझे कपडे दोन बॅगांत, बॅगा पलंगाखाली. रोज सकाळी एक कुर्ता काढायचा तर मी जमिनीवर पालथी, डोकं पलंगाखाली, आणि पाय बाहेर. एकदा विश्वजीतचा मित्र सुशांत डोकावला आणि बाहेर जाऊन विचारतो, "वहिनींना बरं नाही का?" घरातली ही गत, आणि बाहेर कपाटाचं काय झालं माहितीये? लोकांनी वापरायला घेतलं. पेपरवाला पेपर त्याच्यावर ठेवायला लागला. पोरांनी पुठ्ठ्यावर खडूनं स्टंप काढले. समोरच्या अंकिताताईंनी त्याच्या पुढ्यात तुळशीची कुंडी ठेवली, कारण तिथे ऊन येतं. आणि सोसायटीनं एक दिवस नोटीस काढली, 'जिन्यात सामान ठेवू नये', आणि ती नोटीस चिकटवली कुठे? माझ्या कपाटावर! कारण तेवढा सपाट आणि सगळ्यांना दिसेल असा भाग बिल्डिंगमध्ये दुसरा नाही. मग पाणी बंदची नोटीस तिथे, गणपतीच्या वर्गणीची तिथे, हरवलेल्या मांजराची तिथे. माहेरचं कपाट माझं, आणि मला त्यातून कळतं काय, तर मंगळवारी पाणी नाही.

आणि आई माझी फोनवर विचारते, "कपाट कसं आहे गं? खोलीत शोभतंय का?" काय सांगू? म्हटलं, "छान आहे गं आई. खूपच शोभतं." पुठ्ठासुद्धा निघालेला नव्हता अजून. पण तिला वाईट वाटायला नको.

इथवर ठीक होतं एक वेळ. उभं असतं ते मशीन मुकाट्यानं, तर मी त्याच्यावर ओढण्या वाळत घातल्या असत्या. पण नाही. ते चालू ठेवावं लागतं. रोज! पनवेलची हवा खारट, दमट, खाडी जवळ, आत ओल धरते म्हणे, रोज तापवलं नाही तर पिक्चर ट्यूब जाते. म्हणून रोज सकाळी, दूधवाल्याच्याही आधी, दारावर टकटक. "सूनबाई, उठलीस का? मशीनला जरा गरम करतो." मग बाबा आत येणार, बनियनवर शाल, कपाळाला आठ्या. मी पलंगावर उशी छातीशी धरून बसलेली, विश्वजीत डोक्यावर पांघरूण घेऊन मेल्याचं सोंग घेतलेला. बाबा मागे हात घालून बटण दाबणार. मग आधी घूंऽऽ, मग स्क्रीनवर एक पांढरा ठिपका, तो वाढणार, आणि मग ते संगीत. टिंगटिडिंग, टिडिंग, टिंग! मग जुनं जाडजूड रुपयाचं नाणं टाकायचं. हल्लीचं चालत नाही, हल्लीचं त्याला हलकं वाटतं, ते थुंकून टाकतं. जुन्या नाण्यांचा पावडरीचा डबा आहे खास. नाणं टाकलं की एक डाव खेळलाच पाहिजे, कारण दांडी जाम होते. मग बाबा उभे राहून, जांभया देत, एक हात कमरेवर, शत्रूची विमानं पाडणार. धडाम. धडाडधूम. पोटात एक स्पीकर आहे त्याच्या, त्याचा आवाज कमी होत नाही, ते बटण तेवढं चालू नाही.

मला सांगा, नव्या नवरीची सकाळ अशी असते? पण मी म्हणायचे, म्हातारा जीव आहे, आयुष्य गेलंय त्या मशीनवर, किती माया असेल. एवढ्या सकाळी गुडघे दुखत असताना उठतात. आपण मन मोडायचं? मी काय बोलणार? मी नवीन.

आणि माझी नोकरी घरून. विम्याचे दावे तपासायचे, पलंगावर मांडी घालून, मांडीवर लॅपटॉप. दुपारच्या मीटिंगला कॅमेरा लावला की माझ्या खांद्यामागे हे उभं. एकदा दांडीला माझी ओढणी अडकली, मशीन गदगदलं आणि आपोआप सुरू झालं. धडाम! आमच्या मॅडम म्हणाल्या, "चारुता, इज एव्हरीथिंग ओके? तुमच्याकडे काय फुटतंय?" म्हटलं, "काही नाही मॅडम, घरचं आहे."

शिवाय पाहुणे. नवी नवरी बघायला यायचे ना लोक? बायका माझ्याकडे बघायच्या आणि पुरुष? पुरुष सरळ माझ्या बेडरूममध्ये! पन्नाशीचे, टक्कल पडलेले, साहेब झालेले पुरुष, दारात येऊन थबकायचे आणि त्यांचा आवाज फुटायचा, दहावीतल्या पोरासारखा. "अरे... हे अजून आहे?" आणि बाहेरच्या पँटीनिशी माझ्या पलंगावर बसायचे. "काय दिवस होते यार. शाळा बुडवून यायचो काकांच्या दुकानात. हल्लीच्या पोरांना काय कळणार." मग सुस्कारा. मग डबा मागायचे, नाणं टाकायचे आणि तासभर उठायचे नाहीत. त्यांच्या बायका हॉलमध्ये माझी ओटी भरायला नारळ घेऊन ताटकळलेल्या. जाताना म्हणायचे, "टाकू नका हं काका हे. कधीच टाकू नका." आणि गेले निघून आपापल्या घरी. आपापल्या रिकाम्या, शांत बेडरूममध्ये. आठवण काढायला सगळे, पण आठवण ठेवायला जागा कुणाची? माझी!

त्यात आमच्या सोसायटीचे चेअरमन, बळीरामदादा पाटील. इथल्याच गावचे, जमीनदार माणूस, ही बिल्डिंग त्यांच्याच जागेवर उभी आहे. गळ्यात साखळी, पांढरे शुभ्र कपडे. ते कपाटाची तक्रार घेऊन आले. मला तर आनंद झाला, म्हटलं कुणीतरी बाहेरचं माणूस बोललं तर सुटका होईल. दारातच म्हणाले, "वयनी, आमी काय बोलत नाय, पन त्या कपाटाचा काय तरी बघा. लोकांना जिन्यान वाट नाय." मी मान हलवली. बाबा म्हणाले, "आत ठेवायचं होतं, पण आत ते आहे ना." "ते काय हाय?" आणि ते आत गेले. संपलं. बाहेर आले तेव्हा डोळ्यांत पाणी. "काका, आमी दोरा बांधून नानं टाकायचू, याद हाय? खेल झाला का दोरा वढून नानं भायेर." बाबा म्हणाले, "माहीत होतं मला." "मंग बोलले का नाय?" "तुझ्या बापाचा हात फार जड होता रे." दोघं हसले. जाताना चेअरमन म्हणतात, "वयनी, कपाट ऱ्हाऊं दे तितंच. आता हालवला तं नोटीस कंच्या भिंतीवं लावाची?" म्हणजे तक्रार घेऊन आलेला माणूस माझं कपाट कायम करून गेला. मी काय बोलणार?

आणि मग गेल्या रविवारी सकाळी, बाबा नुकतेच विमानं पाडून बाहेर आलेले, आई चहा करताहेत, आणि दारात बळीरामदादा, बरोबर एक पोरगेलासा माणूस, दाढी कोरलेली, गॉगल डोक्यावर. नाव प्रणित. खांदा कॉलनीत कॅफे काढतोय. जुन्या काळाचा कॅफे. म्हणजे भिंतीवर जुने रेडिओ, टेबलावर टाइपरायटर, असं. त्याला बळीरामदादांनी सांगितलं की एक चालू मशीन आहे. त्यानं आत जाऊन पाहिलं, हात लावला, डोळे मिटले, म्हणाला, "काका, हे मला द्या. मी जपेन. टेम्पो खालीच आहे."

तुम्हाला सांगते, देव आला होता दारात, गॉगल लावून. पण मी काय बोलणार? सगळे हॉलमध्ये उभे. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी त्यांच्या तोंडाकडे बघतेय, म्हटलं आता तुटतंय काळीज म्हाताऱ्याचं. आणि बाबा म्हणाले, "तसं ते माझं नाही. सूनबाईचं आहे. ती म्हणेल तसं."

माझं?

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, हा डाव आहे. परीक्षा आहे ही. 'न्या' म्हणावं तर वर्षाच्या आत सासऱ्याचा जीव की प्राण घराबाहेर काढणारी सून मी, उद्या सगळ्या पनवेलात बोभाटा. 'नको' म्हणावं तर मी मरेपर्यंत पलंगाखाली पालथी. आणि जीभ माझी सवयीची, ती वळायला लागली, "अ... असू..." तेवढ्यात बळीरामदादा प्रणितला म्हणाले, "जाऊं दे रं. वयनींचा जीव हाय त्या मशीनवं. आख्ख्या बिल्डिंगला माहीत हाय."

मी म्हटलं, "कुणाचा जीव?"

"तुमचा."

"माझा? माझा कशाला असेल? बाबांचा आहे."

बाबा म्हणाले, "माझा?"

"मग कुणाचा?"

"तुझा. पहिल्या दिवशी तूच नाही का म्हणालीस? मी सांगत होतो, सूनबाई, हे जरा उद्यापर्यंत सांभाळून घे, उद्या भंगारवाला येतोय. तर तू म्हणालीस, अय्या किती छान, असू दे. दुसऱ्या दिवशी तो टेम्पो घेऊन आला होता. मी त्याला सत्यनारायणाचा प्रसाद देऊन परत पाठवला. म्हटलं, पोरीनं तोंड उघडून पहिल्यांदा काही मागितलंय घरात."

मी म्हटलं, "अहो, मग रोज पहाटे..."

"मग काय करणार? तुझ्या आवडीचं, बंद पडलं तर तुला वाईट वाटेल. मला काय हौस आहे गुडघे घेऊन उठायची? चारुता, पंधरा वर्षं मी त्या आवाजात बसलोय दुकानात. सात मशीनं एकदम. घरी आलो तरी कानात धडाम. गल्लीतल्या बायका लाटणं घेऊन यायच्या, तुम्ही आमची पोरं बिघडवली म्हणून. मला त्याचा आवाज ऐकला तरी अजून वाटतं, आली कुणाची तरी आई."

आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "मग दर दसऱ्याला त्याला हार कशाला आणता?"

"तू घालतेस म्हणून आणतो."

"मी तुम्ही आणता म्हणून घालते. मला वाटायचं तुमची लक्ष्मी आहे."

"मला वाटायचं तुझी श्रद्धा आहे."

मी विश्वजीतकडे वळले. त्याला म्हटलं, "आणि तू? तू तरी बोलायचंस." तो म्हणतो, "मला काय माहीत? मला वाटलं तुला रेट्रो आवडतं. कपाटापेक्षा जास्त आवडतं म्हटल्यावर मी काय बोलणार? मी तर लहानपणी दुकानातच त्या आवाजात झोपायचो, मला आवाज आला नाही तर जाग येते."

म्हणजे बघा, चार माणसं, एक मशीन, चौघांनाही नको, आणि चौघंही ते एकमेकांसाठी रोज तापवताहेत. ह्याला काय म्हणावं? प्रेम म्हणतात म्हणे. असेल. पण त्यापेक्षा एखादं भांडण झालं असतं पहिल्याच आठवड्यात, तर स्वस्तात सुटलो असतो.

प्रणित बिचारा अजून दारात. "मग... नेऊ का?" आणि मी म्हटलं, "न्या." माझ्या आयुष्यातला सगळ्यात खणखणीत शब्द. समोरच्या अंकिताताईंनी दार उघडून बघितलं, कोण ओरडलं म्हणून. आणि बाबांनी एक श्वास सोडला, इतका लांब की मला वाटलं टेपरेकॉर्डरचीच कॅसेट अडकली. म्हणाले, "सुटलो गं बाई."

मग काय, सगळे धावले. बळीरामदादांनी साखळी सदऱ्यात टाकून स्वतः खांदा लावला. मशीन दारातून तिरकं होईना, आई ओरडल्या, "मायेनं, मायेनं," तरी एक कोपरा चौकटीला घासलाच. मी प्रणितच्या हातात नाण्यांचा डबा दिला, म्हटलं हल्लीचं नाणं थुंकतं ते, आणि दांडी जाम होऊ देऊ नका, दमट हवेत रोज तापवा. म्हणाला, "मॅम, तुम्हाला किती माहितीये." म्हटलं, जा बाबा आता.

टेम्पो गेला आणि आम्ही चौघं खोलीत येऊन उभे राहिलो. पलंगाच्या पायथ्याशी फरशीचा एक चौकोन, बाकीच्या फरशीपेक्षा नवाकोरा. कुणी बोलत नव्हतं, पण हे गप्प वेगळं होतं, तुम्हाला सांगते. पाहुणे गेल्यावर पंखा लावून पाय पसरतो ना आपण, तसं गप्प.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी दार वाजवलं नाही. मी ऊन अंगावर येईपर्यंत झोपले. बाहेर आले तर बाबा खुर्चीत, हातात चहा, आणि एकटेच हसताहेत. म्हणाले, "सूनबाई, तुला सांगतो, एक पोरगं यायचं, दप्तर माझ्या गल्ल्याखाली लपवायचं. एकदा त्याची आई आली, तर मी म्हटलं, नाही आलं आज. आणि दप्तरातला डबा उघडून त्याची पोळीभाजी मीच खात होतो तेव्हा!" मी इतकी हसले. मग दुसरी गोष्ट, मग तिसरी. इतके महिने मशीन घरात होतं, पण दुकानाची एक गोष्ट त्यांनी सांगितली नव्हती. म्हणाले, "कसा मस्त आवाज यायचा ना त्याचा?" आणि आई म्हणाल्या, "हो ना, सुनं सुनं वाटतंय." मी म्हटलं, बरोबर आहे. आठवण यायला वस्तू आधी दाराबाहेर जावी लागते. घरात असते तोवर ती आठवण नसते, नुसती अडगळ असते.

मग संध्याकाळी कपाट. माझं कपाट! तुळस अंकिताताईंच्या दारात सरकवली, नोटिसा बळीरामदादांनी जपून सोलून घेतल्या, आणि आम्ही ते आत आणलं. त्या चौकोनावर असं बसलं, जणू मापानं शिवलेलं. मी सुतळी कापली, प्लास्टिक काढलं, आणि पुठ्ठा ओढला.

तर...

जांभळं. पण साधं जांभळं नाही, चमकीचं. आणि दोन्ही दारं मिळून एक चित्र. धबधबा. धबधब्याखाली दोन राजहंस, माना जुळवून बदाम केलेला. वर इंद्रधनुष्य. आणि कोपऱ्यात, मला आत्ता सांगतानासुद्धा घाम फुटतोय, एक हरीण, ते सरळ आपल्याकडे बघतंय. खोलीत कुठेही उभे राहा, ते बघतंच. पलंगावरून तर जास्तच. वडिलांनी लेकीसाठी हौसेनं, दुकानातलं सगळ्यात भारीतलं निवडलेलं. आणि परत पाठवायची सोय नाही, कारण मी गेले कित्येक महिने फोनवर सांगतेय ना, छान आहे, खूप शोभतं!

मी हळूच मागे वळून पाहिलं. सासरची तीन माणसं ओळीनं दारात उभी. आणि ती कपाट नाही बघत, माझं तोंड बघताहेत. आई सगळ्यात आधी सावरल्या. म्हणाल्या, "अय्या, किती छान!"

विश्वजीत म्हणाला, "मस्तच आहे. हरीण किती जिवंत वाटतं."

मी तोंड उघडलं, खरं सांगायचं म्हणून उघडलं हो, नुकतीच शिकले होते, आवाजही होता. पण बाबा पुढे आले, दारावर बोटानं टकटक केली, कान लावून ऐकलं, आणि समाधानानं मान हलवून म्हणाले, "पत्रा जाड आहे. तुमच्या नातवंडांपर्यंत जाईल हे. असू दे."

आता माझं देवाकडे एकच मागणं आहे. मला मुलगा होवो, त्याचं लग्न होवो, आणि मला सून मिळो ती चांगली फटकळ.